ओळखीचे वाटते तेथेच चूक होते : थाई माणसांमध्ये राहताना घडणारे गैरसमज

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी थायलंडमध्ये राहायला गेलेल्या मराठी माणसाला सुरुवातीचे काही आठवडे परके वाटतच नाही. लोक भेटताच हात जोडतात आणि ‘सवत्दी’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘स्वस्ति’वरून घडवलेला आहे आणि १९४३ मध्ये सरकारने तो अधिकृत अभिवादन म्हणून स्वीकारला, हे कळल्यावर तर आपलेपणा आणखी वाढतो. बँकॉकच्या भर चौकात ब्रह्मदेवाचे एरावान देवस्थान आहे, ठिकठिकाणी गणपतीच्या मूर्तींपुढे हार वाहिलेले दिसतात आणि राजवाड्याच्या आवारातील मंदिराच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकथा रंगवलेली आहे. युरोपातून आलेल्या माणसाला आपण अनोळखी समाजात आलो आहोत याची जाणीव पहिल्या दिवसापासून असते, त्यामुळे तो सावध राहतो. आपल्याला ती जाणीव उशिरा होते. थाई माणसांशी आपले जे गैरसमज होतात त्यांचे मूळ माझ्या मते या अर्धवट ओळखीत आहे. वरून सारखी दिसणारी गोष्ट आतूनही सारखीच असेल असे आपण गृहीत धरतो, आणि नेमके तेथेच फसतो.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज होकाराविषयीचा आहे. बँकॉकच्या सातोन भागातील एखाद्या कार्यालयातील सोमवारची बैठक डोळ्यांसमोर आणावी. पुण्याहून बदलून आलेला व्यवस्थापक सर्वांसमोर विचारतो, “शुक्रवारपर्यंत अहवाल होईल ना?” समोरची थाई सहकारी किंचित थांबते, वहीकडे पाहते, हसते आणि ‘खा’ म्हणून पुढे ‘बहुधा होईल’ असे काहीतरी पुटपुटते. बैठक संपल्यावर तिच्या शेजारी बसणारा तरुण चहाच्या टेबलापाशी सहज बोलता बोलता सांगतो की, दुसऱ्या विभागाकडून आकडे अजून आलेले नाहीत आणि तेथील माणूस या आठवड्यात रजेवर आहे. व्यवस्थापक मान डोलावून पुढच्या कामाला लागतो. शुक्रवारी अहवाल येत नाही तेव्हा त्याला वाटते की आपल्याला धडधडीत खोटे सांगितले गेले. थाई कार्यालयात मात्र सर्वांच्या समजुतीप्रमाणे त्याला सोमवारीच नकार कळवण्यात आला होता, तोही दोन वेळा.

याची उकल अशी. पुरुषाने ‘ख्रप’ आणि स्त्रीने ‘खा’ म्हणणे हा थाई बोलण्यातील आदराचा प्रत्यय आहे. तो जवळजवळ कोणत्याही वाक्याच्या शेवटी लागतो आणि एकटा उच्चारला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘ऐकते आहे’ एवढाच असतो. कोणी गोष्ट सांगत असताना आपण हुंकार देतो, त्याला आपण संमती समजत नाही. शिवाय ‘होईल ना?’ या प्रश्नातच अपेक्षित उत्तर दडलेले आहे. वरिष्ठाने चारचौघांत असा प्रश्न टाकला की त्याला ‘नाही’ म्हणणे म्हणजे त्याचा अंदाज चुकीचा ठरवणे. म्हणून नकार क्षणभराच्या थांबण्यात, ‘बहुधा’ या शब्दात आणि शेवटी तिसऱ्या माणसाच्या तोंडून आला. सहकाऱ्याचे चहापाशी येणे हा योगायोग नव्हता, तो निरोप होता.

या वागण्यामागे ‘क्रेंग जाय’ नावाची भावना आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय थाई समाजातील कोणताच संवाद नीट कळत नाही. आपल्यामुळे दुसऱ्यावर ओझे पडू नये, तो अडचणीत किंवा ओशाळवाण्या स्थितीत सापडू नये, म्हणून स्वतःला आवरणे म्हणजे क्रेंग जाय. ही भावना वरिष्ठाविषयी अधिक असते, पण ती केवळ धाकापोटी येत नाही. पाहुणा घामाघूम झाला तरी पंखा लावा असे यजमानाला सांगत नाही, शेजारी रात्रीच्या मोठ्या आवाजाबद्दल तक्रार करत नाही आणि अडलेला कर्मचारी साहेबांना त्रास नको म्हणून मदत मागत नाही, या सगळ्यांत तीच असते. मराठीत तिच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे भीड. पण आपल्याकडे ‘भीड भिकेची बहीण’ अशी म्हण आहे. भीड बाळगणारा माणूस शेवटी स्वतःचेच नुकसान करून घेतो असे आपण मानतो, आणि तोंडावर स्पष्ट सांगणाऱ्याला प्रामाणिक म्हणतो. थाई घरात मुलाला लहानपणापासून नेमके उलटे शिकवले जाते. क्रेंग जाय नसलेला माणूस तेथे रोखठोक ठरत नाही, त्याला वळण नाही असे म्हणतात. भावना दोन्हीकडे ठाऊक आहे, तिची किंमत मात्र दोन समाजांनी वेगवेगळी ठरवली आहे. म्हणूनच मराठी व्यवस्थापक थाई सहकाऱ्याला पोटात एक ठेवून बोलणारी समजतो आणि ती त्याला उद्धट समजते.

यावर थाई लोकांना ‘मोकळेपणाने बोला’ असे वारंवार सांगून काही साधत नाही. प्रश्न विचारण्याची रीत बदलावी लागते. होय किंवा नाही असे उत्तर मागण्याऐवजी ‘या कामात आता काय काय उरले आहे?’, ‘आकडे कोणाकडून यायचे आहेत?’, ‘शुक्रवार आणि पुढचा मंगळवार यांपैकी कोणता दिवस सोयीचा?’ असे विचारले की अडचण कोणाचीही मान खाली न जाता बाहेर येते. असे प्रश्न बैठकीबाहेर, एकट्याने विचारावेत. आणि उत्तर येण्याआधीची शांतता बोलून भरून काढू नये. आपल्याला गप्पांमधला खंड सहन होत नाही, म्हणून आपणच पुढचे वाक्य बोलून टाकतो आणि नकार मिळण्याची एकमेव संधी घालवतो.

क्रेंग जाय ऐकून थाई माणूस दबलेला आणि नमते घेणारा आहे अशी समजूत होते, ती तर फारच चुकीची आहे. थाई संशोधक सुंतारी कोमिन यांनी देशभरातील पाहण्यांच्या आधारे थाई मूल्यांची नऊ गटांत मांडणी केली, तेव्हा अग्रस्थानी स्वतःची प्रतिष्ठा जपण्याची वृत्ती आढळली. सौम्यपणा, हसू, टीका टाळणे या गोष्टी वरच्या थरात आहेत. त्यांच्या खाली अतिशय तीव्र स्वाभिमान आहे, आणि प्रत्येकाकडे तो आहे हे ठाऊक असल्यामुळेच सगळे एकमेकांशी जपून वागतात. चारचौघांत केलेली टीका थाई माणूस सहजासहजी विसरत नाही, मग ती कामाविषयी असो आणि कितीही रास्त असो.

आपल्याकडे आवाज चढवणे हा पुष्कळदा व्यवहाराचा भाग असतो. हॉटेलच्या खिडकीपाशी किंवा बँकेत काम अडले की आपण थोडे तापतो, समोरचा हलतो, काम होते आणि दोघेही ते विसरून जातात. थायलंडमध्ये आवाज चढताच समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू येते. हे हसू पाहून आपण आणखी भडकतो, कारण ‘माझे नुकसान झाले आणि हा हसतो आहे’ असे आपल्याला वाटते. थाई माणूस मात्र त्या हसण्यातून ओशाळेपणा दाखवत असतो, क्षमा मागत असतो किंवा प्रसंग चिघळू नये म्हणून धडपडत असतो. त्याच्या हिशेबी ताबा सुटलेल्या माणसाची प्रतिष्ठा आधीच गेलेली असते, आणि अशा माणसाला मदत करण्याऐवजी त्याच्यापासून अंतर ठेवणे त्याला योग्य वाटते. म्हणून ओरडण्याने काम पुढे सरकत नाही, ते तेथेच थांबते.

अशी चूक केवळ सामान्य प्रवाशांकडून होते असे नाही. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन एम्ब्री यांनी १९५० मध्ये थाई समाजाची रचना ‘सैल’ आहे असा सिद्धान्त मांडला. त्याआधी त्यांनी जपानी खेड्याचा अभ्यास केला होता, आणि तेथील काटेकोर कर्तव्यांच्या तुलनेत थाई माणसे त्यांना मनाला येईल तसे वागणारी वाटली. पुढच्या संशोधकांनी या मताला जोरदार आक्षेप घेतला आणि थाई नात्यांमधील उच्चनीचता व परस्परांची देणी-घेणी उलगडून दाखवली. अनुभवी अभ्यासकालाही आधीच्या समाजाचा मापदंड खाली ठेवता आला नाही, हे मला या विषयातील फार बोलके उदाहरण वाटते. कारण आपण महाराष्ट्राचा मापदंड घेऊनच तेथे उतरतो.

आता ज्येष्ठ-कनिष्ठतेकडे वळू. ओळख होताच थाई माणूस वय विचारतो. पाश्चात्त्यांना हा आगाऊपणा वाटतो, आपल्याला वाटत नाही, कारण समोरच्याला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, दादा म्हणावे की काका, हे ठरवताना आपणही मनात तोच हिशेब करतो. थाईमध्ये थोड्या मोठ्या व्यक्तीला ‘फी’ आणि लहान व्यक्तीला ‘नोंग’ म्हणतात, आणि हे शब्द भावंडांचे असले तरी कार्यालयात, दुकानात, रस्त्यावर सर्वत्र चालतात. येथपर्यंत आपण घरच्यासारखे असतो. फरक पुढे आहे. आपण रिक्षावाल्याला दादा म्हणतो तेव्हा त्याच्याकडून थोरल्या भावाच्या कर्तव्याची अपेक्षा करत नाही. ‘फी’ म्हणवून घेणाऱ्याकडून मात्र ती केली जाते. एकत्र जेवायला गेल्यावर पैसे बहुधा त्याने द्यायचे असतात, नोंगची चूक इतरांपुढे झाकायची असते, त्याच्या घरच्या अडचणीची चौकशी करायची असते. कनिष्ठांनी आपुलकीने ‘फी’ म्हटले म्हणून सुखावलेला आणि हॉटेलात मात्र ज्याचे त्याने द्यावे असे सुचवणारा परदेशी माणूस त्यांना कंजूष वाटण्यापेक्षा कोड्यात टाकणारा वाटतो, कारण त्याने नाते स्वीकारले आणि त्यातला वाटा सोडून दिला. याची दुसरी बाजूही आहे. नोंगने केलेली निष्ठा हा त्याच व्यवहाराचा भाग असतो, आणि साहेब बदलला की ती आपोआप पुढच्या साहेबाकडे जात नाही.

हात जोडण्याच्या पद्धतीत, म्हणजे ‘वाय’मध्येही हीच उतरंड आहे. आपला नमस्कार बहुतेक सर्वांना सारखाच असतो आणि धाकट्यांना किंवा नोकरांना आपणहून नमस्कार करण्यात विनय मानला जातो. वायमध्ये कोणी आधी करायचा आणि हात किती उंच न्यायचे हे नात्यावर ठरते. धाकट्याने आधी करावा, थोरल्याने प्रतिसाद द्यावा, भिक्षूला सर्वांत उंच करावा आणि त्याच्याकडून उलट वाय येण्याची अपेक्षा ठेवू नये. पन्नाशीच्या पाहुण्याने हॉटेलातील वेटरला आधी वाय केला तर तो बिचारा संकोचतो. थोरल्याने धाकट्याला वाय केल्यास धाकट्याचे आयुष्य कमी होते अशी जुनी समजूतही तेथे आहे. वेटरच्या वायला हसून मान लववणे पुरेसे असते. आशीर्वाद म्हणून प्रौढ माणसाच्याही डोक्यावर हात ठेवण्याची आपली सवयही आवरावी, कारण डोके हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानला जातो.

भाषेतील अडचण वेगळ्या प्रकारची आहे. मराठी माणसाला एक मोठा फायदा मिळतो : क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांतील फरक थाईमध्ये महत्त्वाचा आहे, आणि ज्यावर इंग्रजी बोलणारे महिनोन्महिने अडतात तो आपल्या जिभेवर आधीच असतो. पण थाईमध्ये पाच सूर आहेत, म्हणजे एकच अक्षर सपाट, खालच्या, उतरत्या, वरच्या किंवा चढत्या सुरात म्हटले तर निरनिराळे शब्द होतात. आपण सुराचा उपयोग प्रश्न, आश्चर्य आणि राग दाखवण्यासाठी करतो, त्यामुळे भावना घालायला जावे तर शब्दच बदलतो. ‘क्लाय’ हा उतरत्या सुरात ‘जवळ’ आणि सपाट सुरात ‘दूर’. परदेशी माणूस ‘स्टेशन जवळ आहे का?’ असे विचारायला जातो आणि सूर सपाट राहिल्यामुळे ‘दूर आहे का?’ असे विचारून बसतो. समोरचा खरे तेच सांगतो, ‘माय क्लाय’, म्हणजे दूर नाही. ऐकणाऱ्याला ते ‘जवळ नाही’ असे ऐकू येते आणि पाच मिनिटांच्या अंतरासाठी तो टॅक्सी पकडतो. कोणीही खोटे बोलले नाही आणि दोघेही आपले बरोबर समजून निघून गेले.

वेळेचीही अशीच गंमत होते. बोलचालीत थाई लोक दिवसाचे सहा-सहा तासांचे भाग पाडतात. संध्याकाळी सातला रात्रीचा पहिला ठोका, आठला दुसरा, नऊला तिसरा. म्हणून रात्री आठच्या जेवणाचे आमंत्रण ‘सोंग थुम’ असे दिले जाते, आणि ज्याला फक्त ‘सोंग’ म्हणजे दोन एवढेच ठाऊक आहे तो दुपारी दोनला दारात उभा राहतो. वर्षे बौद्ध संवतानुसार मोजली जातात, त्यात इसवी सनापेक्षा ५४३ वर्षे अधिक असतात. इसवी सन २०२५ म्हणजे तेथील २५६८. शालिवाहन शके आणि इसवी सन दोन्ही पाहायची सवय असलेल्याला हे जड नाही, फक्त वेष्टनावर नुसते ‘६८’ छापलेले असेल तेव्हा लक्षात ठेवायला हवे.

जेवणाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण शाकाहारी मराठी कुटुंबांना तेथे सर्वाधिक मनस्ताप याचाच होतो. पाहुणा सांगतो, ‘मांस नको’, स्वयंपाकी हसून ‘चालेल’ म्हणतो आणि ताटात भाजीसोबत कोंबडीचे तुकडे येतात. फसवले असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पाहुण्याने ‘मांस’ या अर्थी वापरलेला ‘न्वेआ’ हा शब्द रोजच्या बोलण्यात बहुधा गोमांसासाठी वापरला जातो, आणि गोमांस न खाणारे बौद्ध तेथे पुष्कळ असल्याने स्वयंपाक्याला ती मागणी नेहमीचीच वाटते. कोंबडी, डुक्कर, मासे, कोळंबी यांची नावे वेगळी आहेत. त्यांतून सुटका झाली तरी ‘नाम प्ला’ हे माशांपासून केलेले खारट पाणी उरते, ते थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी असते आणि मीठ घातले हे जसे आपण कोणाला सांगत नाही, तसे ते घातल्याचे स्वयंपाकी सांगत नाही. ‘मांगसविरत’ म्हणजे मांसविरती, हा शब्द आपल्याला पटकन आवडतो, पण या नावाखाली अंडी चालतात आणि नाम प्लाबद्दल स्वयंपाक्याची समजूत पक्की नसते. खात्रीचा शब्द ‘जे’ हा आहे. चिनी बौद्ध परंपरेतील या व्रतस्थ आहारात मांस, मासे, अंडी, दूध, नाम प्ला यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरातील माणसाला हे नियम लगेच आपले वाटतील. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेले ‘เจ’ पाहून किंवा तोंडाने ‘जे’ विचारून अशी दुकाने सापडतात, आणि शरद ऋतूच्या सुमारास येणाऱ्या जे उत्सवाच्या दिवसांत, विशेषतः फुकेतमध्ये, रस्तेच्या रस्ते या पिवळ्या झेंड्यांनी भरलेले असतात.

काही बाबतींत मात्र गैरसमज म्हणून सूट मिळत नाही. राजा, राणी, युवराज आणि राजप्रतिनिधी यांची बदनामी किंवा अपमान हा थाई दंडसंहितेच्या कलम ११२ नुसार गुन्हा आहे आणि प्रत्येक गुन्ह्यासाठी ३ ते १५ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. हा कायदा परदेशी नागरिकांनाही लागू आहे. नेत्यांची नक्कल करून हसणे हा आपल्याकडच्या डब्याच्या वेळचा नेहमीचा विरंगुळा असतो. तेथे राजघराण्याबाबत तसे बोलणे, लिहिणे किंवा पुढे पाठवणे टाळलेच पाहिजे. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्थानकांवर, उद्यानांत राष्ट्रगीत लागते तेव्हा चालणारे लोक थांबतात, आपणही थांबावे.

हे सगळे वाचून थाई माणसे सदैव जपून, मोजून बोलतात असे वाटू नये. ईशान्येकडील इसान, दक्षिणेकडील मलय मुस्लिमांचे जिल्हे आणि बँकॉक यांच्या रीती एकसारख्या नाहीत, आणि जवळच्या मित्रांमध्ये क्रेंग जाय जवळजवळ गळून पडते. जिवलग मित्र एकमेकांना ‘कू’ आणि ‘म्वेंग’ अशा एरवी शिवीसारख्या वाटणाऱ्या सर्वनामांनी हाक मारतात, भांडतात, तोंडावर नाही म्हणतात. एखाद्या थाई मित्राने तुम्हाला सरळ नकार दिला तर रागावू नये, तो जवळ आला आहे.

चूक झाल्यावर ती निस्तरण्याची थाई रीतही वेगळी आहे. आपल्याला वाटते की एकदा समोरासमोर बसून सोक्षमोक्ष लावावा, कोणाचे काय चुकले ते ठरवावे आणि मग पुढे जावे. थाई सहकाऱ्याला अशी बैठक म्हणजे जखम पुन्हा उघडणे वाटते. तो ‘माय पेन राय’ म्हणतो. याला आपण ‘काही हरकत नाही, विसरून जा’ असे समजतो; प्रसंगानुसार ते ‘आता हा विषय नको’ किंवा ‘मला मदत नको’ असेही असते, आणि मनातून राग गेला असा त्याचा अर्थ नेहमीच नसतो. राग गेल्याची खूण वेगळीकडे मिळते. काही दिवसांनी टेबलावर फळांची पिशवी येते किंवा दुपारी ‘जेवायला येता का?’ असे विचारले जाते. त्या जेवणात झालेल्या प्रसंगाचा विषय काढू नये. काढणे कामासाठी अगदी अपरिहार्यच असेल तर दोघांनाही मान्य असलेल्या एखाद्या ज्येष्ठ थाई व्यक्तीला आधी एकट्याने भेटून सगळे सांगावे आणि पुढचे बोलणे तिच्यावर सोपवावे. ती ते कधी, कोठे आणि कोणत्या शब्दांत पोहोचवायचे हे आपल्यापेक्षा चांगले जाणते.